वाचकांचे प्रश्न : विद्यापीठाचा वीजमीटर कोणी वाचायचा?

१४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. त्या निमित्ताने विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्या ऊर्जावापराविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत. काही पत्रलेखक आजही संबंधित संस्थांत शिकत किंवा नोकरी करत असल्याने कोणाचेही नाव छापलेले नाही. मी स्वतः अनेक वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आणि पुढे महाविद्यालयांच्या ऊर्जा लेखापरीक्षणाच्या कामात मदत करत राहिले. खालची उत्तरे त्या अनुभवातून लिहिली आहेत.

प्रश्न : विद्यापीठाचे काम ज्ञानदानाचे आहे. विजेचे बिल भरणे हे कुलसचिव कार्यालयाचे काम. देशातली बहुतेक वीज कारखाने, घरे आणि शेतीपंप वापरतात. मग ऊर्जा बचतीचा भार विद्यापीठांच्या खांद्यावर कशासाठी? प्राध्यापकांना शिकवण्याखेरीजची कामे आधीच काय कमी आहेत?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, सांगली

आपल्या आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. देशात खपणाऱ्या विजेपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास वीज उद्योगांकडे जाते, सुमारे पाव हिस्सा घरांत वापरला जातो आणि साधारण सहावा हिस्सा शेतीला लागतो. या हिशेबात सर्व विद्यापीठांचा मिळून वाटा इतका लहान आहे, की उद्या सगळ्यांनी दिवे मालवले तरी कोळशाची एखादी खाण बंद पडणार नाही. केवळ वाचलेल्या युनिटांवरून विद्यापीठाची जबाबदारी ठरवायची असेल, तर आपलेच म्हणणे खरे ठरेल.

परंतु कारखान्यात कोणता पंप घ्यायचा, इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीला किती काच लावायची, नगरपालिकेच्या पाणीयोजनेची निविदा कोणत्या अटींवर काढायची, हे पुढे ज्यांना ठरवायचे असते ती माणसे अठराव्या ते बाविसाव्या वर्षी कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाच्या वर्गात बसलेली असतात. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात अशा विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ४ कोटी ३३ लाख होती. भर दुपारी पडदे ओढून ट्यूबलाइट लावलेल्या वर्गात जो मुलगा पाच वर्षे बसला, तो वास्तुविशारद झाल्यावर दिवसाढवळ्या दिवे लावावे लागणारी इमारत बांधतो आणि त्यात काही चुकले आहे असे त्याला वाटतही नाही, कारण शिकण्याच्या वयात त्याने दुसरे काही पाहिलेलेच नसते. वर्गात ऊर्जा संवर्धनावर व्याख्यान आणि बाहेरच्या व्हरांड्यात दिवसभर जळणारे दिवे, या दोहोंपैकी विद्यार्थ्याच्या मनावर कशाचा ठसा उमटतो, हे आपण आयुष्यभर मुले हाताळलेली असल्याने मी आपल्याला सांगण्याची गरज नाही.

ही जबाबदारी नव्याने कोणी लादलेलीही नाही. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले आणि त्यांच्या पाठपुराव्यातून विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा पर्यावरण अभ्यासक्रम तयार केला. त्याच्या मूळ आराखड्यात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्यासाठी ठेवलेले होते. क्षेत्रकार्य म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः जाऊन पाहावे, मोजावे आणि लिहावे. प्रत्यक्षात काय झाले? महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात 'पर्यावरण प्रकल्प' तयार मिळू लागले. नाव आणि हजेरी क्रमांक तेवढा बदलायचा, बाकी मजकूर तोच. मी असे गठ्ठे तपासलेले आहेत. एका वर्षी एकाच नदीच्या प्रदूषणावरचे सव्वीस प्रकल्प माझ्या टेबलावर आले; त्या नदीत काय मिसळते याचे वर्णन सव्वीसही ठिकाणी शब्दशः सारखे होते आणि नदीकाठी मात्र कोणीही गेलेले नव्हते. त्या मुलांना मी दोष दिला नाही, कारण मोजता येईल असे काही आम्हीच त्यांच्या हाती दिले नव्हते, आणि महाविद्यालयाचा वीजमीटर मात्र त्यांच्या वर्गापासून पन्नास पावलांवर, कुलूपबंद जाळीआड फिरत होता.

आपल्याकडच्या जुन्या विद्यापीठीय इमारतींकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत मुळात गव्हर्नरांचे निवासस्थान म्हणून एकोणिसाव्या शतकात बांधली गेली. दगडी भिंती, उंच छत आणि भोवतालचे व्हरांडे यांमुळे अशा वास्तू उन्हाळ्यातही सुसह्य राहतात. त्याच विद्यापीठीय जगात आज जी नवी प्रशासकीय भवने उठत आहेत, त्यांचा दर्शनी भाग काचेचा असतो, मग ऊन आत येते म्हणून पडदे लागतात, पडद्यांमुळे अंधार होतो म्हणून दिवे लागतात आणि दिवे व काच यांच्या उष्णतेमुळे वातानुकूलन लागते. विद्यापीठाची इमारत साठ-सत्तर वर्षे उभी राहते, त्यामुळे आराखड्यातली एक चूक तीन पिढ्या बिलातून फेडत राहतात. इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता देशात २००७ पासून आहे आणि २०१७ मध्ये ती सुधारलीही गेली. स्थापत्य आणि वास्तुकला शिकवणाऱ्या संस्थांनी स्वतःच्या बांधकामाला ती कसोशीने लावावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

विद्यापीठाने मनावर घेतले तर काय होते, याची उदाहरणे आपल्या शेजारीच आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने आपल्या साडेआठशे एकरांच्या परिसरात तलाव, शेततळी आणि विहिरी यांच्या आधारे पावसाचे पाणी अडवले आणि पाण्याच्या बाबतीत परावलंबन कमी केले. मुंबईच्या आयआयटीतून २०१४ मध्ये दहा लाख सौर अभ्यासदिव्यांचा उपक्रम सुरू झाला. त्यातले दिवे गावातल्याच माणसांनी जोडावेत आणि दुरुस्तही करावेत, अशी त्याची रचना होती. प्रयोगशाळा, माणसे आणि जागा या तिन्ही गोष्टी एकाच आवारात असणारी संस्था विद्यापीठाखेरीज दुसरी कोणती आहे?

प्राध्यापकांवर आणखी एक समिती आणि आणखी एक अहवाल लादू नये, हे आपले म्हणणे मात्र मी पूर्णपणे मान्य करते. जे काम मी सुचवते आहे ते अभ्यासक्रमात आधीच असलेल्या प्रात्यक्षिकाच्या तासांतून व्हावे.

प्रश्न : मॅडम, आमच्या वसतिगृहात ऊर्जा बचतीच्या नावाखाली सकाळी सातनंतर गिझर बंद केले जातात आणि खोलीत पाणी तापवायची कॉइल सापडली तर दंड होतो. त्याच वेळी प्रशासकीय इमारतीतले एसी साहेब खोलीत नसतानाही चालू असतात. बचत फक्त विद्यार्थ्यांनीच करायची का?
— एक पदव्युत्तर विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

मुळीच नाही, आणि तुम्ही हा प्रश्न विचारलात याचा मला आनंद झाला. ज्या संस्थेत बचतीची सुरुवात सर्वांत दुबळ्या माणसापासून होते, तिथे बचत या शब्दाचाच विद्यार्थ्यांना वीट येतो.

आधी गरम पाण्याचा हिशेब करू. वीस लिटरची एक बादली २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.५८ युनिट वीज लागते. तीनशे मुलींच्या वसतिगृहात प्रत्येकी एक बादली धरली, तर रोजचे पावणेदोनशे युनिट केवळ आंघोळीसाठी होतात. पाणी गिझरने तापवा किंवा कॉइलने, त्याला लागणारी उष्णता तीच असते. कॉइलवर बंदी आहे ती शॉक बसण्याच्या आणि वायरिंग तापून आग लागण्याच्या धोक्यामुळे. ही बंदी योग्यच आहे, पण तिचे कारण बचत असे सांगणे चुकीचे आहे. सात वाजता गिझर बंद केल्याने बचतही फारशी होत नाही, कारण ज्यांना जमते त्या सातच्या आत बादल्या भरून ठेवतात, ते पाणी अर्धेअधिक निवून जाते, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्यापैकी काहीजणी कपाटात कॉइल लपवतात. खरी बचत पाणी तापवण्याची पद्धत बदलल्यावर होते. मराठवाड्यात हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, म्हणजे गरम पाण्याची गरज सर्वाधिक असते नेमक्या त्याच दिवसांत छतावरचे सौर जलतापक चांगले चालतात. जिथे छतावर जागा नाही तिथे उष्णता पंप बसवता येतो. तो हवेतली उष्णता ओढून पाण्याला देत असल्यामुळे गिझरच्या साधारण एक-तृतीयांश विजेत तेवढेच पाणी तापवतो. छतापासून नळापर्यंतच्या पाइपांना उष्णतारोधक आवरण आहे की नाही, हेही एकदा पाहा. अनेक वसतिगृहांत तळमजल्याच्या नळाला गरम पाणी येईपर्यंत दोन बादल्या गार पाणी मोरीत सोडून द्यावे लागते. तिथे पाणी आणि वीज दोन्ही वाया जातात.

आता एसीविषयी. १ जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या तारांकित, म्हणजे वीजबचतीनुसार तारे दिलेल्या, खोली-एसींचे तापमान सुरू करताना आपोआप २४ अंशांवर असावे, असा नियम आहे. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणे आहे. म्हणजे १८ अंशांवर ठेवलेला एसी २४ वर आणला, तर जवळजवळ एक-तृतीयांश वीज वाचेल आणि कोणालाही घाम येणार नाही. रिकाम्या खोलीतला एसी बंद करण्यासाठी तर कोणत्याच शास्त्राची गरज नाही.

तुमच्या वसतिगृह समितीमार्फत एक मागणी लेखी करा : वसतिगृह आणि प्रशासकीय इमारत या दोन्हींना स्वतंत्र सबमीटर बसवावेत आणि दोन्हींचे मासिक युनिट दर्शनी फलकावर लावावेत. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ओबर्लिन कॉलेजने २००५ मध्ये आपल्या वसतिगृहांत दोन आठवड्यांची स्पर्धा घेतली आणि विद्यार्थ्यांना आपापल्या इमारतीचा वीजवापर पाहता येईल अशी सोय केली. विजेचा वापर सरासरी ३२ टक्क्यांनी घटला आणि ज्या वसतिगृहांत आकडे क्षणाक्षणाला दिसत होते तिथे तो आणखी बराच खाली आला. तिथे कोणाचा गिझर बंद केला गेला नव्हता. स्वतःचा आकडा समोर दिसू लागला, की माणूस आपण होऊन विचार करू लागतो, आणि हा नियम कुलगुरूंच्या दालनालाही तेवढाच लागू पडतो.

प्रश्न : आमचे अनुदानित महाविद्यालय तालुक्याच्या ठिकाणी आहे. नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या परिषदेसाठी, हरित आणि ऊर्जा लेखापरीक्षण करून घेतले, अहवाल फाइलमध्ये आहेत. वेतनेतर अनुदान तुटपुंजे आहे. काही करण्याची मनापासून इच्छा आहे, पण सुरुवात कुठून करावी?
— एक प्राचार्य, बीड जिल्हा

सर, सुरुवात एका वहीपासून आणि एका रविवारपासून करावी. त्याला एक रुपयाही लागत नाही.

काही वर्षांपूर्वी मी अशाच एका तालुक्याच्या महाविद्यालयात गेले होते. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता आम्ही मुख्य मीटरचा आकडा वहीत लिहिला आणि रविवारी संध्याकाळी सहा वाजता तो पुन्हा वाचला. महाविद्यालय पूर्ण बंद होते, फाटकावर पहारेकऱ्याखेरीज कोणी नव्हते, आणि तरीही त्या चोवीस तासांत मीटर कामाच्या दिवसाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक फिरला होता. प्राचार्यांचा विश्वास बसेना. मग तिथले वायरमनदादा चाव्यांचा जुडगा घेऊन आमच्याबरोबर निघाले. ते पॅनेलमधला एकेक एमसीबी (वीजपुरवठा तोडणारा खटका) पाडायचे, आणि एक विद्यार्थी मीटरपाशी उभा राहून त्याचा लाल दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोठ्याने सांगायचा. तासाभरात सगळा हिशेब लागला. चार मजल्यांवरचे वॉटरकूलर कोणीही पिणार नसलेले पाणी दिवसरात्र थंड करत होते, संगणक प्रयोगशाळेतले सगळे संगणक पडदे काळे करून चालूच होते, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला एक्झॉस्ट पंखा शुक्रवारपासून फिरत होता आणि गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह निकामी झाल्याने टाकी वाहून जात होती व पंप पुन्हा पुन्हा सुरू होत होता. वायरमनदादा शांतपणे म्हणाले, "मॅडम, मला हे सगळं ठाऊक होतं, पण मला कोणी विचारलंच नाही." महाविद्यालयाच्या ऊर्जा समितीत सहा प्राध्यापक होते आणि वायरमन एकही नव्हता. आपल्या समितीत पहिले नाव त्यांचे घाला, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

अशा 'रविवारच्या वापरा'ला कात्री लावण्यासाठी साधे टायमर आणि जबाबदारी घेणारा एक माणूस पुरतो. हे काम 'कमवा आणि शिका' योजनेतल्या विद्यार्थ्यांकडे सोपवावे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचे ब्रीदच 'स्वावलंबी शिक्षण' असे आहे. बागेला पाणी घालणे आणि ग्रंथालयात पुस्तके लावणे यांच्या जोडीला रोज ठरल्या वेळी मीटर वाचणे, नोंद ठेवणे आणि महिन्याअखेर आलेख काढणे हे त्या परंपरेला साजेसेच काम आहे. वर्षभर ही वही नीट राखलेला विद्यार्थी भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि हिशेब यांपैकी कशातही कच्चा राहणार नाही.

पैसे खर्च करण्याची वेळ येईल तेव्हा ते कुठे आधी घालायचे, हेही वहीच सांगेल. एक उदाहरण घेऊ. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो आणि कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅट, म्हणजे ४५ वॅटची बचत. वर्गातला पंखा दिवसाला आठ तास आणि वर्षाला दोनशे दिवस चालतो असे धरले, तर वर्षाला ७२ युनिट वाचतात. वसतिगृहातला पंखा सोळा तास आणि दोनशे ऐंशी दिवस चालत असेल, तर २०० युनिटांच्या वर वाचतात. युनिटला १० रुपये दर धरून तीन हजारांच्या पंख्याची किंमत वर्गात चार वर्षांहून अधिक काळाने वसूल होईल आणि वसतिगृहात दीड वर्षात. तरीसुद्धा मी जिथे जिथे गेले तिथे नवे पंखे आधी सभागृहात बसवलेले पाहिले, जे महिन्यातून दोनदा उघडते. पाहुण्यांना दिसावे म्हणून केलेल्या खर्चाला ऊर्जा संवर्धन म्हणता येत नाही.

जोडणी मोठ्या भाराची असेल, तर लेखाशाखेतल्या कोणाला तरी घेऊन महावितरणचे गेल्या बारा महिन्यांचे बिल ओळीने वाचा. मंजूर मागणी (करारात ठरलेली वीजक्षमता) प्रत्यक्ष कमाल मागणीपेक्षा फार जास्त असेल, तर न वापरलेल्या क्षमतेचेही पैसे भरावे लागत असतात. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेचे प्रमाण) घसरलेला असेल, तर तो सुधारणारे कपॅसिटर बिघडले आहेत का ते पाहावे लागते. या दोन गोष्टींनी कोळसा फारसा वाचत नाही, पण पैसे वाचतात आणि त्यातून पंखे घेता येतात. राज्यात ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ ची अंमलबजावणी पाहणारी यंत्रणा म्हणजे महाऊर्जा. तिच्या विभागीय कार्यालयाशी पत्रव्यवहार करून चालू योजनांची माहिती मागवावी. काही खासगी कंपन्या स्वतः गुंतवणूक करून वाचलेल्या बिलातून आपले पैसे वसूल करतात. तसा करार करण्याआधी मात्र आपल्या वहीतली किमान वर्षभराची नोंद हाती असलीच पाहिजे, अन्यथा किती वाचले हे कंपनीच ठरवेल.

फाइलमधले ते लेखापरीक्षण अहवालही बाहेर काढा. त्यांतल्या शिफारशी बहुधा योग्य असतात. फक्त त्यांतला प्रत्येक आकडा आपल्या विद्यार्थ्यांकडून एकदा पडताळून घ्या.

प्रश्न : आमच्या संस्थेने छतावर सौर पॅनेल बसवली आणि बिल नाममात्र झाले. आता बचतीचा आग्रह कशासाठी?
— एक विश्वस्त, नाशिक

अभिनंदन. महाराष्ट्रात एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज देते आणि त्याला सुमारे शंभर चौरस फूट मोकळे छत लागते, म्हणजे आपण चांगलीच जागा कामी लावली आहे. परंतु बिल शून्य होणे आणि वापर शून्य होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅनेल दुपारी वीज देतात आणि वसतिगृह रात्री वीज वापरते. रात्रीची ती वीज प्रामुख्याने औष्णिक केंद्रांतून येते आणि ग्रिडमधल्या प्रत्येक युनिटामागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दुपारी आपण न वापरलेले युनिट ग्रिडमधून शेजारच्या दवाखान्याला किंवा गिरणीला मिळते. शिवाय आधी वापर कमी करून मग पॅनेल बसवली असती, तर कमी पॅनेलांत भागले असते. पॅनेलांवरची धूळ नियमित धुतली जाते का, तेही पाहावे. उद्घाटनानंतर वर्षभर पाणी न लागलेली पॅनेल मी पाहिलेली आहेत.

प्रश्न : मी मराठीची प्राध्यापक आहे. ऊर्जा आणि शाश्वतता हे विषय विज्ञान व अभियांत्रिकीचे मानले जातात. आमच्यासारख्या विभागांनी यात काय करावे?
— एक सहयोगी प्राध्यापक, अमरावती

आपल्या विभागाचे काम फार मोलाचे आहे आणि ते अजून कोणी हाती घेतलेले मला दिसलेले नाही. वीजबिलाची पाठची बाजू एकदा वाचून पाहा. मागणी आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार हे शब्द मराठीच आहेत, पण पदवीधर मराठी माणसालाही त्यांचा अर्थ लागत नाही. पंख्यावर किंवा फ्रिजवर चिकटवलेल्या तारांकित पट्टीवर काय लिहिले आहे, हे दुकानात उभ्या असलेल्या किती गिऱ्हाइकांना कळते? आपल्या विद्यार्थ्यांनी वीजबिल आणि ती तारांची पट्टी कशी वाचावी, याची आठ पानी सोपी मराठी पुस्तिका तयार केली आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या हिवाळी शिबिरात दत्तक गावात घरोघर जाऊन ती लोकांबरोबर वाचली, तर व्यावहारिक लेखनाचा इतका चांगला स्वाध्याय दुसरा मिळणार नाही. ही योजना १९६९ मध्ये देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली, ती विद्यापीठ आणि गाव यांच्यातला दुवा म्हणूनच.

दुसरे काम जतनाचे आहे. वऱ्हाडातला उन्हाळा आपल्या आजी-आजोबांनी विजेवाचून काढला. मातीचे धाबे, ओसरी, वाळ्याचे पडदे, माठाखालची ओली वाळू, दुपारी खिडक्या मिटून रात्री उघडण्याची शिस्त, या सर्वांची शब्दसंपदा म्हाताऱ्या माणसांबरोबर विरते आहे. ती नोंदवून वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी, म्हणजे भाषेचे आणि बांधकामाचे दोन्ही विभाग एकमेकांशी बोलू लागतील.

प्रश्न : मुलीच्या प्रवेशासाठी विद्यापीठे पाहत आहोत. अनेकांच्या संकेतस्थळांवर हरित क्रमवारी आणि पुरस्कार झळकतात. त्यांवर कितपत विसंबावे?
— एक पालक, ठाणे

इंडोनेशिया विद्यापीठाने २०१० मध्ये सुरू केलेल्या जागतिक हरित क्रमवारीसारख्या क्रमवाऱ्या संस्थांनी स्वतः भरून दिलेल्या माहितीवर मुख्यतः आधारलेल्या असतात. त्यांनी संस्थांना नोंदी ठेवायला भाग पाडले, हा त्यांचा उपयोग मी मानते. पण प्रवेशाच्या दृष्टीने आपण एकच प्रश्न विचारा : गेल्या पाच वर्षांत दर विद्यार्थ्यामागे वर्षाला किती युनिट वीज आणि किती लिटर पाणी लागले? ज्या संस्थेकडे हे उत्तर तयार असेल तिथे कोणीतरी खरोखर लक्ष घालत आहे. आणि आवारात फेरी माराल तेव्हा वसतिगृहाची स्वच्छतागृहे व मेसमागचा कचरा पाहायला विसरू नका. मेसचे खरकटे बायोगॅस संयंत्रात जाते की उकिरड्यावर, हे विचारा; पुण्याच्या 'आरती' संस्थेने स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर चालणारे सुटसुटीत संयंत्र विकसित करून २००६ मध्ये त्यासाठी ॲश्डेन पुरस्कार मिळवला, तेव्हा तंत्र उपलब्ध नाही ही सबब चालणार नाही.

प्रश्न : आम्ही सुमारे दोनशे मुले-मुली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास विद्यापीठाच्या अभ्यासिकेत रात्री करतो. वीज बचतीसाठी अभ्यासिका रात्री दहाला बंद करण्याचा प्रस्ताव आहे. आम्ही काय म्हणावे?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

प्रस्तावाला हिशेबाने उत्तर द्या. दोनशे जणांच्या अभ्यासिकेत प्रत्येकी २० वॅटच्या चाळीस एलईडी ट्यूब आणि प्रत्येकी ३० वॅटचे चाळीस बीएलडीसी पंखे आहेत असे धरू. एकूण भार दोन किलोवॅट झाला. रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत त्याला १६ युनिट लागतील, म्हणजे दर विद्यार्थ्यामागे ०.०८ युनिट. हीच मुले आपापल्या खोल्यांत परतली आणि दोघांत एक ट्यूब व एक जुना पंखा वापरू लागली, तर आठ तासांत दर विद्यार्थ्यामागे ०.३८ युनिट लागतील, म्हणजे जवळजवळ पाचपट. बिल विद्यापीठाच्या नावाने न येता घरमालकाच्या किंवा वसतिगृहाच्या नावाने येईल, एवढाच काय तो फरक.

तुमच्या अभ्यासिकेत आज प्रत्यक्ष कोणते दिवे आणि पंखे आहेत ते मोजून हे आकडे दुरुस्त करा आणि निवेदनाला जोडा. पंखे जुने असतील, तर ते बदलण्याची मागणी त्याच निवेदनात करता येईल. बारानंतर गर्दी कमी होत असेल, तर सर्वांनी एका बाजूला बसावे आणि उरलेल्या अर्ध्या दालनाचे दिवे-पंखे बंद करावेत. त्यासाठी त्या बाजूची बटणे वेगळी करून द्यायला वायरमनला दोन तासांहून अधिक वेळ लागत नाही. मुलींच्या परतीसाठी दिवे असलेला रस्ता आणि पहारेकरी हेही त्याच पत्रात लिहा. अभ्यासिका मात्र उघडीच राहिली पाहिजे.